आबांच्या वहाणेतली टिप

शिरूर,
सोमवार, ८ मार्च २००४

तीर्थरूप सर्जेरावमामा यांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा सुरजचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक आहे असं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जरा धीर राहील. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. आबांची (म्हणजे आमच्या तात्याबा आजोबांची) तब्येत उत्तम, फक्त डोकं तापलेलं आहे, त्याचं कारण मीच आहे, आणि ते त्यांना अजून कळलेलं नाही. तुमचा दमा कसा आहे? मामींची शुगर? खरं तर फोनच करणार होतो, पण तुमच्याकडं फोन मामी उचलतात आणि त्यांचा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते. परवा दोनदा लावला आणि दोन्ही वेळा न बोलता ठेवला. मामींनी कुणाला शिव्या घातल्या असतील तर त्या मला पोचल्या.

तर मुद्दा टिपेचा आहे. तुम्ही दौंडला रेल्वेत होतात तेव्हा तीस वर्षं रोज संध्याकाळी क्लबातलं बिलियर्डचं टेबल सांभाळलंत, स्टिकेच्या टोकाला लागणाऱ्या कातड्याच्या टिपा शेकड्यांनी बदलल्यात, म्हणून हे तुमच्याशिवाय विचारू तरी कुणाला? पूल हा पोरखेळ आहे असं तुम्ही म्हणता ते मला पाठ आहे. पण मामा, माझं लग्न येऊन या पोरखेळावर अडलंय. रात्री झोप लागत नाही.

मुलगी पूनम. मूळ मांडवगण फराट्याची, आपल्यातलीच, इथं शाळेवर शिकवते. तिचे वडील शंकरराव फौजेतून सुभेदार होऊन आले आणि टायरच्या दुकानावर माडीवर त्यांनी दोन टेबलांचं पूल पार्लर टाकलं. (मी तिथं दोन वर्षं खेळतो. पूनम साडेसातला वडिलांचा डबा घेऊन येते. बाकी तुम्ही समजून घ्या.) शंकररावांचं एक तत्त्व आहे. मुलगा बघायचा तर ब्रेक मारताना बघायचा. म्हणजे नऊ गोळ्या रचलेल्या असतात, त्यावर पांढरी गोळी हाणून गठ्ठा फोडायचा, आणि त्यात माणूस कळतो म्हणतात. माझ्या आधी दोन स्थळं आली. एकानं कापड फाटेल म्हणून इतक्या जपून मारलं की गठ्ठा जागचा हललाच नाही, तर त्याला म्हणाले, तुझ्याच्यानं संसार सुरूच व्हायचा न्हाई. दुसऱ्यानं असं हाणलं की पांढरी गोळी जिन्यावरून उतरून टायरवाल्याच्या पाण्याच्या टाकीत पडली. दोघंही चहा पिऊन परत गेले. माझा नंबर येत्या रविवारी अकरा वाजता आहे.

आता अडचण बघा. पार्लरमधल्या स्टिकांच्या टिपा मऊ, वापरून वापरून कडेनं फुगलेल्या. कितीही जोर लावा, निम्मा जोर ते कातडंच गिळतं. ब्रेकला टिप कडकच पाहिजे, म्हणजे हातातलं सगळं गोळीत उतरतं. पण कडक टिपेवर पकड यावी म्हणून चोळतात तो चॉक टिकत नाही, आणि नेम केसभर जरी हुकला तरी टिप घसरते आणि सासऱ्यासमोर शोभा होते. म्हणजे कडक पाहिजे, पण कडक किती? पुण्याला कॅम्पात दुकानात गेलो. दुकानदारानं तीन डब्या पुढं ठेवल्या, मीडियम, हार्ड आणि कातडंच नसलेली एक, जी दगडासारखी असते. कोणती देऊ म्हणाला. घरी विचारून सांगतो म्हणून मी बाहेर आलो. घरी कुणाला विचारणार होतो देव जाणे.

मग मी टर्नर माणूस, म्हटलं आपणच करू. कंपनीत बेकेलाइटच्या तुकड्यातून लेथवर एक टिप काढली. पहिल्याच ब्रेकला असा आवाज झाला की खालचा टायरवाला कुठली ट्यूब फुटली बघायला धावला, आणि टिपेखालचं पांढरं टोपण उभं तडकलं. तेव्हा कातडंच बरं असं ठरवलं. दुकानातलं कडक कातडं म्हणजे काय, तर दाबून दाबून घट्ट केलेलं. मी विचार केला की आपल्या घरात सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं कातडं कोणतं? तर आबांच्या वहाणा. चाळीस वर्षं मेंढरांमागं कोकणात उतरायचं आणि पुन्हा वर यायचं, ते सगळं त्या टाचेखाली चेपलेलं. (तुम्ही हसाल. त्या वेळी मला हे अगदी शास्त्रीय वाटलं होतं.) उजव्या वहाणेच्या टाचेतून शर्टाच्या बटणाएवढी चकती पंचनं काढली आणि वहाण होती तिथं ठेवून दिली.

मामा, काय ब्रेक बसला म्हणून सांगू. नऊच्या नऊ गोळ्या उधळल्या, दोन खड्ड्यात गेल्या. पूनम डबा हातात धरून तशीच उभी. मग मी शहाण्यासारखं गप्प बसायचं की नाही? दुसरा ब्रेक मारला. आबा दर दिवाळीला वहाणांना करंजाचं तेल पाजतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तेलकट कातड्याला सरस कसा धरणार? टिप उडाली ती शंकररावांच्या बशीत. त्यांनी ती उचलली, पुसली, नाकाशी धरली आणि बराच वेळ हुंगत राहिले. कुठली म्हणाले. मी पुण्याहून मागवली म्हणून ठोकून दिलं. तर म्हणाले, वास वळखीचा हाय. आणि वर मलाबी एक आण म्हणाले. आता डावी वहाण तेवढी शिल्लक आहे. आबांचा संशय कुत्र्यावर आहे, ते बुधवारपासून साखळीला बांधलंय, आणि मी त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालतो.

त्याच दिवशी जिना उतरताना शंकररावांनी मला थांबवलं. आवाज अगदी साधा होता. "तुझ्या मामाला पोरगी हाय म्हणं. त्यांनी तुला मोकळा केलाय का?"

मी मान हलवली. उभी हलवली की आडवी ते मला आठवत नाही. असो, त्यावर मला आत्ता लिहायचं नाही, टिपेचं आधी. मीडियम घेऊन कंपनीतल्या व्हाइसमध्ये दाबून ठेवावी का थेट हार्ड घ्यावी? नवी कडक टिप किती घासावी? आणि चॉक दर शॉटला लावावा का एकाआड? शुक्रवारपर्यंत दोन ओळी टाकाव्यात. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
सुरज

ता. क. टिपेचं उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. हार्ड टिप मी शनिवारीच पुण्याहून आणली. पक्की बसली आहे. दहातले आठ ब्रेक फुटतात.

दुसरा ता. क. मामा, मोनिका पाळण्यात होती तेव्हापासून ती सुरजची असं सगळे म्हणत आलेत. तुम्ही शब्द दिला नाही आणि आईनं मागितला नाही, पण मामाची पोरगी म्हटल्यावर कुणी वेगळं विचारतच नाही. मोनिकालाही नाही. मीसुद्धा तिला विचारलेलं नाही. तेवढी हिंमत असती तर चार पानं टिपेवर घालवली नसती. शंकररावांनी काल निरोप धाडलाय की ब्रेक कसाही बसू दे, पण मामानं स्वतःच्या तोंडानं मोकळा केल्याशिवाय आम्ही सुपारी फोडणार नाही. म्हणून विनंती, की रविवारी सकाळच्या गाडीनं शिरूरला या. मला तुमच्याकडून एवढंच पाहिजे होतं.

तिसरा ता. क. तुम्हाला राग येणार. मामींना वाईट वाटणार, आणि ते मला जास्त लागतंय. पण आईला भाऊ तुम्ही एकटेच. लग्नात माझ्या पाठीशी उभं राहायला मी दुसरा मामा कुठून आणू? एवढा विचार करा, आणि मग हवं तेवढं रागवा.