सोडलेली मिनिटं

८ मार्च २००५, मंगळवार

खोटं बोलले. ऑपरेशन थिएटरमध्ये, हातात घड्याळ धरून!

मारुतीरावांच्या उजव्या किडनीत लिंबाएवढी गाठ. डावी किडनी जुन्या खड्यांनी कधीच कामातून गेलेली. म्हणजे उजवी गेली की डायलिसिस. सर्जन निशांत सर पोटाला चार भोकं पाडून, दुर्बिणीतून फक्त गाठ काढणार होते. त्यासाठी किडनीची धमनी क्लॅम्पचा चिमटा लावून बंद करायची, गाठ कापायची, टाके घालायचे, क्लॅम्प काढायचा. सगळं तीस मिनिटांत. त्यापुढे रक्तावाचून किडनी मरायला लागते. स्क्रीनसाठी दिवे मंद केलेले, घड्याळ माझ्याकडे. दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगायची, एवढंच माझं काम.

मागच्या पेशंटला मी "पंचवीस" म्हटलं आणि सरांचा हात थरथरला. टाका फाटला, रक्तच रक्त. आजही पंचवीसला तेच, हात थरथरायला लागला. तीस झाली — मी गप्प! सरांनी विचारलं, "टाइम, सिस्टर?" माझ्या तोंडून निघालं, "सत्तावीस, सर."

क्लॅम्प निघाला तेव्हा एकेचाळीस झाली होती. मी केसपेपरवर तेहेतीस लिहिली. सर म्हणाले, "थर्टी-थ्री! चलो, निभ गया."

९ मार्च

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी नीट काम करत नाही. सर आज माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. पेशंटच्या काळजीत असतील.

१२ मार्च, शनिवार

बाबांची फार आठवण येतेय. मिलच्या टाइम ऑफिसात होते. भोंगा वाजला की फाटक बंद आणि उशिरा येणाऱ्याची हजेरी कापायची, असा नियम. पण बाबा भोंगा वाजला की चष्मा काढून पुसत बसायचे. धापा टाकत येणारे सगळे आत शिरेपर्यंत पुसायचे. मग चष्मा लावून म्हणायचे, "हं, आता बंद करा." परदेशीपुऱ्याच्या वस्तीतून सायकल हाणत येणारे मारुतीराव त्यातलेच. मिल बंद पडली, बाबाही गेले, पण लोक अजून तो चष्मा विसरले नाहीत.

मीही तेच करायला गेले. मोठी दानशूर! फाटकावरची मिनिटं बाबांना देता येत होती. ही मिनिटं माझी नव्हतीच. मी खरं सांगितलं असतं तर सरांनी पोट उघडून किडनीभोवती बर्फ घातला असता, चीर मोठी पडली असती, पण किडनी वाचली असती. फार चुकलं माझं.

१५ मार्च

थिएटरमध्ये भिंतीवर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ लागलं. सर म्हणाले, "तुमचं टेन्शन कमी, सिस्टर." बरं वाटलं. मग लाज वाटली.

१७ मार्च, गुरुवार

मारुतीरावांना सुट्टी मिळाली. क्रिएटिनिन २.९, ऑपरेशनआधी १.४ होतं. जाताना थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दत्तोपंतांची पोरगी ना तू! बेटा, तुझे बाबा बड्या दिलाचे होते. अपने को किती बार आत घेतलं, गिनती नाही." त्यांच्या बायकोने, उषाकाकूंनी, शेवेचा पुडा हातात कोंबला. "नाही म्हणू नको हो."

पुडा तसाच कपाटावर आहे. हात लावायची हिंमत नाही.

२८ मार्च

३.६.

४ एप्रिल, सोमवार

४.८. सर उषाकाकूंना सांगत होते, आता डायलिसिसची तयारी करायला हवी, हाताच्या नसेचं छोटं ऑपरेशन लागेल. काकूंनी विचारलं, "म्हणजे हमेशासाठी?" मी औषधाच्या ट्रॉलीमागे उभी राहिले. भित्री!

उद्या सरांना सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली.

५ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. सरांनी ड्रॉवरमधून केसपेपर काढला. माझ्या तेहेतीसवर काट, शेजारी त्यांच्या अक्षरात एकेचाळीस, खाली सही. तारीख ८ मार्च! ऑपरेशनच्या रेकॉर्डिंगवर वेळ उमटते, त्याच संध्याकाळी त्यांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मारुतीरावांना सांगूनही टाकलं होतं. ते म्हणाले होते, "सिस्टरला काही बोलू नका, डॉक्टरसाब. मैं जानता हूँ, किसकी बेटी है."

म्हणजे त्या गुरुवारी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.