निळं बंद, बाई

तात्या,

मला पत्र लिहायची सवय नाही. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी अजून इकडंच आहे, सिलिगुडीला, एका लहान दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात. तुम्ही बारामतीला करायचा तेच काम. पेशंट टेबलावर घेतो, फरशी पुसतो, भुलीच्या मशीनला सिलिंडर लावतो. तुम्हाला हसू येईल. कारखान्याच्या ट्रेलरवर टिकलो नाही, पॉलिहाऊसमध्ये टिकलो नाही, तो मी इथं सात वर्षं टिकलोय.

तुमच्या थिएटरातलं ते मशीन अजून डोळ्यांपुढं आहे. एका बाजूला काळं सिलिंडर, ऑक्सिजनचं. दुसऱ्या बाजूला निळं, नायट्रसचं, ज्याला लोक हसवणारा गॅस म्हणतात. सकाळी आल्याबरोबर दोन्ही उघडून ठेवायची. पण डोक्याला मार लागलेला पेशंट आला की तुम्ही आधी निळं बंद करायचा, सिलिंडरची चावी काळ्याच्या गळ्यात अडकवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "निळं बंद, बाई." भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मान वर न करता म्हणायच्या, "बंद." एवढं झाल्याशिवाय भूल सुरू व्हायची नाही. बाईंना त्यांचं काम कळत होतंच. पण मशीनवरच्या ज्या बटणावर रोज हात जातो, त्याच बटणावर तो घाईतही जातो, हे बाईच कधीतरी बोलून गेल्या होत्या आणि तुम्ही ते धरून ठेवलं होतं.

मी एकदा विचारलं होतं, ह्या गॅसचं एवढं काय. आपण अंथुर्ण्याच्या बागेत डाळिंबाला पाणी धरत होतो. तुम्ही म्हणालात, "ताण दिलेल्या झाडाला एकदम पाणी सोडलं तर काय हुतं?"

"फळ तडकतं."

"का? साल ताणत न्हाय आन् आतलं फुगतं. ह्या गॅसनं डोक्यात रक्त वाढतं. हाड मोडून आत हवा शिरली आसंल तर ती हवा फुगती. डाळिंब निदान तडकून मोकळं तरी हुतं. कवटी दाद देत न्हाय, मग आतला मेंदूच चेपतो."

"तात्या, तुमी डॉक्टर का न्हाय झाला?"

"डॉक्टर झालो आसतो तर तुला कुणी सांभाळलं आसतं रं?"

मग तो दिवस. गाळपाचे दिवस आहेत. सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रेलरवर मोटारसायकल आदळलीय, माणूस रक्तानं माखलाय. मला तुमच्या हाताखाली लागून वर्ष होत आलंय, आणि मला वाटतं आपल्याला सगळं येतं. मी स्ट्रेचर ढकलत ढकलतच ओरडतो, "निळं बंद, बाई." बाई म्हणतात, "बंद." तुम्ही कापूस घेऊन मशीनपाशी येता, जाता जाता निळ्याला हात लावता आणि थांबता. ते उघडंच आहे.

"कुणी बंद केलं हे?"

"मी."

"कशानं? तोंडानं?"

सिस्टर फिस्सकन हसल्या. तुम्ही हसला नाही. चावी फिरवलीत, काळ्याच्या गळ्यात अडकवलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बाई तुझ्या शब्दावर काम करत्यात. हात न लावता शब्द दिलास. भाईर हो." मी बाहेर झालो तो झालोच. आठव्या दिवशी इंदापूरहून डाळिंबाचा ट्रक सिलिगुडीला निघाला, त्यात बसलो. तुम्ही ट्रकपाशी आला होता. "पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणालात. मी केला नाही. वर्षभरानं फोन आला तो तुम्ही गेल्याचाच, आणि मी घरी पोचलो तिसऱ्या दिवशी.

आता सांगायचं ते सांगतो. दोन महिन्यांमागं इथं एक टेम्पोवाला आणला. मांडीचं हाड बाहेर आलेलं, रक्त थांबेना. सगळ्यांची नजर पायावर. भुलीचे डॉक्टर नवीन, दुसऱ्या दवाखान्यातून पळत आलेले. मी त्याला टेबलावर घेताना त्याचं तोंड बघितलं. दोन्ही डोळ्यांभोवती काळं, आणि नाकातून नुसतं पाणी गळतंय. तुम्ही म्हणायचा, पाय मोडून आलेल्याचं आधी डोकं बघ, डोळे काळे आन् नाकात पाणी म्हंजे कवटी तडकलीय. मी निळं बंद केलं. बंद करून पुन्हा हातानं बघितलं. चावी काळ्याला अडकवली आणि मोठ्यानं बोललो, "निळं बंद." पण त्या गडबडीत कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी भूल दिली, ऑक्सिजन सुरू केला, आणि त्यांचा हात सवयीनं निळ्या बटणावर गेला. गॅस किती येतो ते दाखवणारी काचेतली भिंगरी वर येईना.

"किसने बंद किया?"

"मी केलं, साहेब. डोक्याचा पेशंट आहे. नाकातून पाणी येतंय," मी हिंदीत सांगितलं.

तात्या, मशीनला परस्पर हात लावला म्हणून नोकरी गेली असती. डॉक्टरांनी वाकून त्याच्या नाकाकडं बघितलं. पेशंटबरोबर आलेलं स्कॅनचं पाकीट कुणी नीट बघितलंच नव्हतं, ते मागवून उजेडाला धरलं. डोक्यात हवा होती. त्यांनी भूल दुसऱ्या औषधावर चालवली, पायाचं रक्त थांबवून घेतलं आणि त्याला तसाच डोक्याच्या डॉक्टरांकडं पाठवला. मी वाचवला असं मी म्हणत नाही. पण परवा तो कुबड्या घेऊन मिठाईचा डबा द्यायला आला, बायकोवर ओरडत आला, म्हणजे डोकं जागेवर आहे.

आता ते डॉक्टर डोक्याच्या पेशंटला माझा आवाज आल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. मी मराठीतच म्हणतो, आणि ते त्यांच्या बंगाली जिभेनं "बोंद" म्हणतात. बारामतीची रीत बंगालात चाललीय, तुमची. छाती फुगते माझी.

त्या दिवशी हात धुताना त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हणालो, वडिलांनी. ते म्हणाले, म्हणजे तेही भुलीचे डॉक्टर असणार. तात्या, मी हो म्हणालो. तिकडं असताना बाप काय करतो असं कुणी विचारलं तर मी "दवाखान्यात असतात" एवढंच सांगायचो, फरशीचं सांगत नव्हतो. ती लाज होती. ही लाज नव्हती, हो म्हणताना मला ते खोटं वाटलंच नाही. पण त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.