बावीस नंबरचा बिल्ला

८ ऑक्टोबर २०१९

प्रिय अर्कादी,

तब्येत कशी आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गुडघे सोडले तर मी बरा आहे. माळावर थंडी पडली. आमच्या हिनं तुझ्यासाठी दह्याचे गोळे वाळवलेत. दगड झालेत, दात उरले असतील तर खा.

बातमी म्हणजे आपला नऊ नंबरचा लाँच पॅड बंद झाला. माझ्या वडिलांनी वाळूत त्याचा खड्डा खणला, आपण दोघांनी तिथं एकवीस वर्षं रॉकेटं उभी केली. परवा शेवटचं गेलं. आम्हा जुन्यांना चहा-केक, भाषणं. फाटकाजवळची बिल्ल्यांची फळी बघून एका नव्या इंजिनिअर बाईनं विचारलं, "काका, हे काय?"

मी सांगितलं, आत जाताना आपला बिल्ला न्यायचा, बाहेर आल्यावर खिळ्याला लावायचा. एक जरी खिळा रिकामा असला तरी रॉकेट सुटत नाही.

"मग चूक व्हायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि घरी आलो. तेव्हापासून जेवण जात नाही.

यात तुला नवं काही नाही, पण एकदा लिहितो. फळीपाशी गर्दी नको म्हणून जो आधी बाहेर निघेल तो दोघांचे बिल्ले लावायचा, ही आपलीच सवय. त्या दिवशी तू म्हणालास, "व्हॉल्व्ह बघून येतो. मी दिसल्याशिवाय लावू नको हं, गाढवा." बसवाला हॉर्न मारत होता. मी तुझा बावीस नंबरचा बिल्ला लावला आणि बसमध्ये चढलो.

रॉकेट सुटलं तेव्हा तू आतच होतास. खालच्या लोखंडी दाराआड वाचलास. कान गेले.

चौकशीत तू खरं सांगितलंस. त्यांनी मला विचारलं, "याचा बिल्ला तुझ्याकडे होता?" मला दोन लहान मुलं होती, नोकरी जाईल अशी भीती होती. मी नाही म्हणालो. तुला ऐकू आलं नाही, पण तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मग ठरलं की बिल्ला लावून तूच परत आत शिरलास. तुला काढलं. मला पुढं बढती मिळाली, ती मी घेतली.

तुझ्या वेराला अजून वाटतं की तिचा बाप पिऊन आत गेला होता. हे पत्र तिला वाचायला दे. तिनं फोन केला तर मी उचलीन, काहीही बोलली तरी ठेवणार नाही.

मित्र म्हणून सही करायची हिंमत होत नाही.

तोलेगेन