भासरे घरी असताना

मूल गावातील आपल्या गृहसाम्राज्याचे अधिपती, ज्येष्ठ बंधू मुखरूभाऊ यांच्या चरणी द्वीपस्थ अनुजाचा दंडवत.

कन्या उर्वशीच्या आग्रहास्तव आम्ही उभयता पाठीवर बोचकी बांधून अंदमानातील एका बेटावर आलो आहोत. येथे विश्रांती हेच एकमेव कर्तव्य आहे. तुमच्या धाकट्या भावजयीला मात्र ते साधेना. पहिल्या दिवशी वच्छलेने मुक्कामाचे अंगण झाडले, दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांची भांडी घासली. माडांमध्ये टांगलेली झोळी दाखवताच म्हणाली, "मोठ्या भाऊंले कळलं त?"

भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले बंधू, घरी असता सुनेने खाटेवर बसू नये, हा आपला कुलाचार. तुम्ही सदैव ओसरीत विराजमान. सव्वीस वर्षे ती जमिनीवर बसली आणि मी, महापंडित, मौन पाळून होतो.

काल मात्र ती झोळीत आडवी झाली आणि भर दुपारी घोरू लागली! एखाद्या विजयी सेनापतीच्या अभिमानाने मी शेजारी पहारा दिला, स्वहस्ते चहाही सिद्ध केला.

जागी होताच ती ओरडली, "काऊन उठवलं नाई जी?"

"इथी कुठी आहेत तुये भासरे?"

"घरी त हायेत ना," ती हळूच म्हणाली.

म्हणून हे पत्र धाडत नाही. कागद तुम्ही घडी करून उशाखाली ठेवाल आणि विषय तिथेच संपेल. परवा घरी परतताच ओसरीत, तुमच्यासमोर, तिला मीच खाटेवर बसवणार आहे.

परवापर्यंतच आपला आज्ञाधारक,
देवाजी