चौदा नंबरच्या पट्ट्या

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथल्या कॉन्व्हेंटमध्ये अकरा म्हाताऱ्या सिस्टर्स आणि तरुण मी एकटीच. आपल्या आणि इथल्या, दोन्ही सिस्टर-संघांचं ठरलंच आहे तसं: त्यांनी आम्हाला रुग्णसेवा शिकवायची, आम्ही त्यांना सांभाळायचं. मी मात्र कामापेक्षा चुकाच जास्त करते.

इथे धुण्यात अदलाबदल नको म्हणून प्रत्येकीच्या कपड्यांवर नंबराची पट्टी शिवतात. मी तीन वर्षांपुरती पाहुणी, मला नंबर नाही. माझे कपडे पाहुण्यांच्या चळतीत जातात आणि तिथेच हरवतात. परवा कपाटात चौदा नंबरचे एप्रन सापडले. ती सिस्टर नऊ वर्षांपूर्वी वारली. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये गेलेलीचे कपडे दुसरीला देतात, म्हणून मी शहाणपणाने सगळ्या पट्ट्या उसवल्या. जेवताना सांगितलं, तर सगळ्यांचे चमचे थांबले. इथे नंबर उसवत नाहीत, नवी सिस्टर येईपर्यंत तो तसाच ठेवतात. नऊ वर्षांत कुणी आलंच नाही. इथल्या मदर रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तू रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी बारकी

२ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

उचलली कात्री आणि लावली शिवणीला! शिवणकाम करणाऱ्या बाईची बहीण तू, न विचारता टाका उसवतेस? आधी माफी माग.

मी बरी आहे. फक्त आता सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारीण रोज दहा सुया ओवून देते आणि शंभरदा ऐकवते. जूनमध्ये तुझी तीन वर्षं भरतील. मग दर रविवारी येशील, तेव्हा आठवड्याच्या सुया तूच ओव. आई गेल्यापासून मला तुझ्याशिवाय कोण आहे? हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले.

तब्येतीला जप, आणि माझी आठवण असू दे.

ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. मदरनी त्या पट्ट्या डबीत जपून ठेवल्या होत्या. काल डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, की चौदा नंबर तू घे आणि इथेच राहा. आपल्या मदरना त्यांनी आधीच लिहिलं होतं. आपल्या मदरनी निर्णय माझ्यावर सोपवलाय.

ताई, मला राहावंसं वाटतं. दोघी तर अंथरुणाला खिळल्यात, माझ्या हातूनच घास घेतात. पण तुझ्या सुया डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तू ये म्हणालीस तर जूनमध्ये येईन, कुरकुर न करता. त्या जुन्या पट्ट्या तशाही विरल्यात, टाका घातला की फाटतात.

उत्तराची वाट पाहते. माया आहे, ती असू दे.

तुझी बारकी

१९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तुझ्यावर रागावले, तुमच्या दोन्ही मदरवर रागावले, आणि शेजारणीवर उगीचच. तिसऱ्या दिवशी तिलाच बोलावून सुया ओवून घेतल्या. बिचारीने त्या दिवशी दहाऐवजी वीस ओवून दिल्या.

सोबतच्या पुडक्यात लाल दोऱ्याने चौदा नंबर भरलेल्या चोवीस पट्ट्या आहेत. दोन वाकड्या झाल्यात, त्या आतल्या कपड्यांना लाव. नीट दुहेरी दोऱ्याने शिव, उसवता कामा नयेत. मला रडू येतं, पण ते माझं मी बघेन.

पंचविसावी पट्टी पाठवलेली नाही. ती तुझ्या इथल्या उशीच्या अभ्र्याला शिवली आहे. कधी आलीस, तर या घरात तुझं काही पाहुण्यांच्या चळतीत जायला नको.

तुझी,
ताई