सहा नकाशे आणि देवमाशाचं दालन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, संग्रहालयाच्या नोकरीतून निवृत्त झालेली आरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. मला कोणी भरीला घातलेलं नाही. याआधीचं एखादं मृत्युपत्र कोणी पुढे केलंच, तर ते खोटं समजावं.

कलम १. माझं राहतं घर, आतल्या सामानासकट, माझ्या धाकट्या भावाला द्यावं. तो एकोणिसाव्या वर्षापासून आंधळा आहे. घरातलं कपाट किंवा टेबल हलवायचं झालं तर आधी त्याला सांगावं आणि मगच हलवावं. ही अट सगळ्यांना लागू आहे, रंगाऱ्यालासुद्धा.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक भावजयीला, तिच्या एकटीच्या नावावर. ती ‘कशाला’ म्हणेल. तिचं ऐकू नये.

कलम ३. लोखंडी पेटीत गुंडाळून ठेवलेले सहा नकाशे संग्रहालयाला द्यावेत. एकाच इमारतीच्या तळमजल्याची मांडणी सहा वेळा कशी बदलली, ते त्यात आहे. पहिला माझ्या जन्माआधीचा, दुसरा माझ्या आधीच्या आरेखकांचा, बाकीचे चार माझ्या हातचे.

पहिल्या मांडणीत वस्तू देणगीदारांच्या नावांनी ठेवलेल्या होत्या. ज्याची देणगी मोठी त्याची खोली मोठी, आणि एकाच कपाटात तलवारी, भरलेले पक्षी आणि कुणाच्या तरी आजोबांची छत्री. दुसरीत मोठी दालनं मधे भिंती घालून तोडली. तिसरीत, म्हणजे माझ्या पहिल्या कामात, सगळं काळानुसार लावलं: दारातून आत आलं की दगडाची हत्यारं आणि बाहेर पडताना टाईपरायटर. माणूस अर्ध्या तासात हजारो वर्षं चालून जाई आणि वाटेत एकदाही वळत नसे. तो नकाशा शाईने पक्का केला त्या दिवशी मी रिकाम्या दालनांतून एकटीच चालले. माझ्या कागदावरची रेघ लोकांचे पाय वळवते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. अभिमान वाटला आणि थोडी भीतीही.

भीती रास्त होती, हे पुढे कळलं.

कलम ४. पलंगाखाली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर सुतळी चिकटवून भिंती केल्या आहेत आणि खिळ्यांच्या डोक्यांनी दारं दाखवली आहेत. ती भावाचीच आहे. फक्त माझ्याकडे राहिली, म्हणून परत द्यावी.

ही फळी मी त्याच्यासाठी तिसऱ्या मांडणीच्या वेळी केली. बोटांनी सुतळी चाचपत त्याने सगळी दालनं पाठ केली. मग दर गुरुवारी तो काठी मिटून, पावलं मोजत, संग्रहालयात एकटा फिरे. पहारेकरी म्हणत, “साहेब, तुम्हाला दिसतं की काय?” तो म्हणे, “माझ्या बहिणीला दिसतं. तेवढं पुरतं.”

चौथ्या मांडणीत संचालकांनी सहाव्या दालनात चौथरा मागितला. मी नकाशात चौथरा आखला, त्याला दोन पायऱ्या आखल्या. काम आठवड्यात झालं. पुढच्या गुरुवारी माझा भाऊ तिथे तोंडावर पडला. शाळेची सहल आली होती, मुलं हसली. त्याचं मनगट मोडलं.

दवाखान्यात तो शांतपणे म्हणाला, “ताई, पडल्याचं काही नाही गं. पण त्या पायऱ्या कागदावर काढताना तुला माझी आठवण झाली नाही, हो ना?”

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, “नाही झाली.”

त्यानंतर अकरा वर्षं तो संग्रहालयात आला नाही. घरी येई, हसे, बोले; संग्रहालयाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठे. पाचवी मांडणी तर त्याला मी सांगितलीही नाही.

कलम ५. माझी सागवानी फूटपट्टी माजी संचालकांना द्यावी. तिच्यामागे एक जुना हिशेब आहे.

तळघरात देवमाशाचा सांगाडा खोक्यांत भरून पडला होता. बासष्ट फूट लांब. एवढं दालनच नाही, म्हणून तो कधी कोणी पाहिला नव्हता. मी पहिला नकाशा उलगडून बघत होते, तेव्हा ध्यानात आलं की चौथं आणि पाचवं दालन मुळात एकच होतं: एकाहत्तर फूट. मधली भिंत नंतरची. मी आमच्या सुतारदादांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर बोटाची पेरं वाजवली, कान लावला आणि म्हणाले, “बाई, ही भिंत नाही. हा पडदा आहे. लाकडी चौकट, वर गिलावा.”

मी संचालकांकडे गेले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही रेघा ओढा. विचार करायला आम्ही आहोत.”

सात वर्षं मी तो राग जपला. मग ते निवृत्त झाले, नव्या संचालकबाई आल्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं, दालनात जाऊन स्वतः भिंत वाजवली आणि एवढंच विचारलं, “कधी पाडायची?”

सहाव्या मांडणीसाठी भिंत पडली, त्या दुपारी धूळ बसल्यावर आम्ही सगळे आत गेलो. टोकाच्या दोन खिडक्या कितीतरी वर्षांनी एकमेकींसमोर आल्या होत्या, आणि उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पसरला होता. सुतारदादांनी चपला काढल्या. का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

सांगाडा जमिनीवर जुळवून झाला, वर टांगायला एक दिवस उरला, तेव्हा मी भावाच्या घरी गेले. म्हटलं, “चल. या वेळी आधी सांगायला आलेय.”

तो पाणी प्यायला म्हणून उठला. मग भावजयीला म्हणाला, “माझे बूट कुठेत?”

मी त्याचा हात जबड्याच्या टोकावर ठेवला. तो चालू लागला. बरगड्यांवरून त्याची बोटं एकेक करून घसरत होती, ओठ हलत होते. शेपटाशी पोचला तेव्हा सत्तावीस पावलं झाली होती. तो वळला.

“ताई,” तो म्हणाला, “हे सगळं एकच जनावर?”

“एकच.”

“आणि हे पोहत होतं?”

तो तसाच परत निघाला, दुसऱ्या बाजूने, पहिल्यापासून मोजत.

दुसऱ्या दिवशी देवमासा वर चढला. माजी संचालक पाहुणे म्हणून आले होते. मान वर करून, तोंड उघडं ठेवून ते इतका वेळ उभे राहिले, की कोणीतरी खुर्ची आणली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, “बाई, चुकलो.” सबब त्यांच्यावरचा माझा राग या कलमान्वये रद्द करण्यात येत आहे. पट्टी मात्र त्यांनी घ्यावीच.

कलम ६. कंपासपेटी, शाईच्या लेखण्या आणि नकाशे आखायचा उतारपाट नव्या आरेखक मुलीला. तिचं सगळं काम संगणकावर चालतं, तरी घ्यावं.

गेल्या महिन्यात ती सातव्या मांडणीचा नकाशा घेऊन माझ्या घरी आली. अजून कच्चाच होता. तिने तो उठावाच्या रेघांत छापून आणला होता, आणि मी काही म्हणायच्या आत भावासमोर ठेवला. “काका, पक्का करायच्या आधी तुम्ही बघा.”

तो नकाशातल्या दारातून आत शिरला, दालनामागून दालन बोटांनी चालत गेला. मधोमध थांबला.

“इथे काहीच लागत नाही. काय आहे इथे?”

“काही नाही,” ती म्हणाली. “मोकळी जागा. लोकांनी नुसतं उभं राहायला.”

एकेचाळीस वर्षांत मी प्रत्येक कोपरा कशाने ना कशाने भरला. हे मला कधी सुचलं नाही. भावाने त्या जागेवर तळवा ठेवला आणि चहा निवेपर्यंत उचलला नाही.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं, भावाला वाचून दाखवलं, आणि राजीखुशीने सही केली.

सही: आरेखक (निवृत्त)

साक्षीदार:
१. सुतारदादा. यांना काहीही दिलेलं नाही, कारण लाभ घेणाऱ्याची साक्ष चालत नाही. ते म्हणाले, “मला साक्षच द्या.”
२. आमच्या डॉक्टरीणबाई. मी शुद्धीत असल्याचं त्यांनी तपासून लिहिलं आहे.

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: नऊ मार्च, गुरुवार, सकाळ