अप्पांच्या दुकानाची किल्ली

९ नोव्हेंबर
मल्लिनाथअप्पा दुकान भाड्यानं देणार. पक्कं. कापडाचं जुनं दुकान, किल्ल्याच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. पुढं फळ्यांचं दार, आत सागवानी खांब. अप्पांचे गुडघे आता पायरी चढत नाहीत. मुलगा हैदराबादेत, त्याला नळदुर्ग फक्त सणाला आठवतं.
बातमी पेपरला पाठवण्याआधी घरी दिली. सुमती कणीक मळत होती. हात थांबला. इतकी वर्षं घरच्या ओट्यावरून डबे देते आहे: बँकवाले, दवाखान्यातले, परगावचे मास्तर. म्हणाली, "चार टेबलं बसतील का हो तिथं?"
लग्नानंतर तिनं काही मागितल्याचं हे पहिलंच. तेही माझ्याकडं नाही, अप्पांकडं.

१० नोव्हें.
अप्पांकडं जाऊन आलो. "बर्री, वार्ताहर, बसा." दुकान कुणासाठी ते सांगितलं. "वैनीसाठी व्हय? मग द्यायचंच की. पर घाई न्हाय. देव येऊ द्या."
देव म्हणजे खंडोबा. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातला मोठा मुक्काम अणदूरला, थोडा आमच्याकडं. मार्गशीर्षात दोन्ही गावची माणसं बसतात, लेखी करार होतो, मगच देव जागचा हलतो. तो करार झाल्याशिवाय अप्पा स्वतःचा कुठलाच करार करत नाहीत. वडिलांपासूनची रीत.
सु.ला सांगितलं. तिनं मनातल्या मनात टेबलं मांडायला घेतलीत. भाकरी तव्यावरून थेट ताटात, चूल मागच्या खोलीत, मागच्या भिंतीतून धुराडं. धुराड्यावर फार जोर आहे तिचा.

१४ नोव्हें.
दिनकर आला आहे. पुण्याहून, कायमचा. संस्कृत पाठशाळेत माझ्या शेजारी बसायचा. रूपं मी पाठ करायचो, शाबासकी त्याला मिळायची. गुरुजी म्हणायचे, आवाज बघा पोराचा. अर्ध्यातून पळाला, हॉटेलांत शिकला. मी पूर्ण केलं, आणि आता गटारं तुंबल्याच्या बातम्या देतो.
केस सगळे जागेवर आहेत त्याचे. काळे. (लावत असावा.)
वेशीत गाठ पडली. "शास्त्रीबुवा! अरे, आपल्या गावात एक धड कॅफे नाही. पावसाळ्यात धबधबा बघायला एवढी गर्दी, आणि प्यायला काय, तर उकळलेला चहा." मग बोट दाखवलं. अप्पांच्या दुकानाकडं. "फळ्या काढायच्या, सगळी काच लावायची. आतून किल्ला दिसला पाहिजे."
मी म्हटलं, छान कल्पना. षड्रिपूंत मत्सर शेवटचा गणतात. शेवटी असला तरी रांग मोडून पुढं येतो, हा आजचा अनुभव.

१७ नोव्हें.
दि. जेवायला आला. मीच बोलावलं होतं. शत्रूचं बळ जोखावं म्हणून. सु.च्या ताटात दोन भाज्या जास्त होत्या.
"वहिनी, ही शेंगाची चटणी पुण्यात लोक रांग लावून खातील."
चटणी मी रोज खातो. कधी काही बोललो का? आठवत नाही. बोललो असेन.
तो गेल्यावर सु. म्हणाली, "दिनकरराव म्हणतात ते खरंय, भाकरी थापताना गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे." सकाळपर्यंत "तुमचे ते मित्र" होते. एका जेवणात दिनकरराव.
तिला विचारलं, त्यालाही तीच जागा हवी आहे, माहीत आहे ना?
"माहितेय की. त्यांनीच सांगितलं. तुम्ही कुठं सांगितलंत?"

१९ नोव्हें.
अप्पांकडं दि.ची फेरी झाली. कळलं कसं, तर मी समोरच्या पानपट्टीवर उभा होतो. बातमीदारी आहे ती.
आतून अप्पांचं हसणं ऐकू आलं. अप्पा माझ्याशी कधी असे हसले नाहीत. तो कानडीत बोलत होता, पुण्यात राहून न विसरलेल्या कानडीत. मला "बर्री" आणि "आयतु", म्हणजे "या" आणि "ठीक", यापलीकडं येत नाही. गीर्वाणवाणी शिकलो, शेजारची राहिली.

२० नोव्हें.
झोप नीट नाही. विचार सुचला. चांगला आहे. फारच चांगला.
किल्ल्याच्या तटाजवळ कुठं काही तोडफोड करायची तर परवानगी लागते. कुणी घेत नाही, कुणी विचारत नाही. वार्ताहरानं विचारलं तर? कुणाचं नाव घ्यायचं नाही. पेठेचं जुनं रूप, फळ्यांची दारं, काचेचं आक्रमण. दोन सामासिक शब्द, एक उपमा.
लिहून पाठवलं.

२३ नोव्हें.
छापून आलं. पान दोन, वरचा कोपरा. आणि माझं नाव! फोटोसकट! इतकी वर्षं नुसतं "वार्ताहर" म्हणून छापत होते. आज चौकटीत आहे. फोटो जुना, केस असतानाचा.
पेठेत चार जणांनी थांबवून कौतुक केलं. अप्पांनी अंक मागून घेतला.
सु. सकाळपासून डब्यांच्या गडबडीत. वाचला नसावा. टेबलावर, तिला दिसेल असा ठेवला आहे.

२४ नोव्हें.
दि. स्वतः घरी आला, अंक हातात. मला वाटलं भांडणार. चेहऱ्याची तयारी करून बसलो होतो.
"शास्त्रीबुवा, डोळे उघडलेस माझे! काच कसली लावतो मी? फळ्याच ठेवायच्या. तेलपाणी करायचं. हे कात्रण फ्रेम करून आत टांगणार, खाली तुझं नाव."
माझ्याच लेखाच्या जिवावर तो आता पेठेचा राखणदार. मी त्याला चहा पाजला. उकळलेला.

२५ नोव्हें.
अप्पांचा निरोप, दोघं या. सु. नवी साडी नेसून आली.
अप्पांनी अंक गुडघ्यावर पसरला होता. "वार्ताहर, लई चांगलं लिवलंत. माज्या ध्यानातच न्हवतं. आता भिताडाला खिळा बी मारू देणार न्हाय मी. वैनी, तेवढं धुराड्याचं सोडा. भिताड फोडायचं न्हाय. पेपरात आलंय."
सु. मागच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून आली, आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा.
धुराडं नाही, तर चूल नाही. चूल नाही, तर खानावळ कसली.
वाटेत एकच बोलली. "लेख तुम्हीच लिहिलाय ना? फोटो तर तुमचाच आहे."
मी म्हटलं, हो.
"चांगला आलाय. फोटो."

२७ नोव्हें.
डबे वेळेवर जातात. माझं ताटही वेळेवर येतं. फक्त त्यात शेंगाची चटणी नसते.

३० नोव्हें.
दुपारी दवाखान्याच्या उद्‌घाटनाची बातमी घेऊन परत येत होतो. अप्पांच्या ओट्यावर सु. आणि दि. दोघं बसलेले. मधे शेगडी, तवा. ती भाकरी थापत होती, तो बघत होता. ये-जा करणारी माणसं थांबून बघत होती. अप्पा आरामखुर्चीत, भाकरीचा पापुद्रा काढून खात होते.
मला कुणी बोलावलं नाही. मीही थांबलो नाही. म्हणजे थांबलो, पण पानपट्टीवर.
संध्याकाळी तिनंच सांगितलं. भाज्या घरी शिजवून न्यायच्या, भाकरी तेवढी तिथं, पुढच्या बाजूला, गॅसवर. धूर नाही, भिंत फोडायला नको. "भावजींनी सुचवलं."
भावजी. दिनकररावाचा भावजी व्हायला पंधरवडा लागला नाही.
विचारलं, मग कॅफेचं काय? तो जागा सोडतोय की काय?
"सोडतायत कशाला? बघू काहीतरी. तुमच्यासारखं पेपरात थोडंच द्यायचंय?"

५ डिसें.
अप्पांनी तोड काढली. दोघांना समोर बसवून म्हणाले, "देव एक, गावं दोन. आमी भांडलो का? मूर्तीचे तुकडे केले का? दुकान बी तसंच करू. पावसाळ्यात दिनकर. बाकीचं वरीस वैनी. करार लिवायचा, पाच माणसांत वाचायचा, मग किल्ली हलवायची."
दि. लगेच "आयतु" म्हणाला. सु.नं बोटांवर महिने मोजले. पावसाळ्यात धबधब्याची गर्दी, खरी कमाई तेव्हाच, ती दि.कडं जाणार हे तिला कळत होतं. मग म्हणाली, "मला बारमाही गिऱ्हाईक हवंय, अप्पा. चालेल. पण पावसाळ्यात माझी भाकरी भावजींच्या दुकानात जायला हवी."
दि.: "वहिनी, तुमच्या भाकरीशिवाय मी फळ्याच काढणार नाही."
हे असलं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. सुचलं असतं तरी संस्कृतात.
शेवटी अप्पा माझ्याकडं वळले. "मसुदा तुमी लिवायचा. तुमची भाषा चांगली. आता पेपरात बी आलीय."

१८ डिसें.
देव आला. करार झाला, पालखी आली, पेठेत भंडारा उधळला. माझ्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्याचं काय झालं ते लिहीत नाही. अणदूरची माणसं आणि आमची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. वर्षातला मोठा काळ देव दुसरीकडं असतो, तरी कुणाच्या पोटात दुखत नाही. कसं जमतं? बातमीत हे लिहिता येत नाही.

१९ डिसें.
मसुदा पेन्सिलनं लिहितोय. तीन कलमं झाली. चौथं किल्लीचं.
किल्ली एकच आहे. कुलूप अप्पांच्या आजोबांच्या काळचं. तशी दुसरी करून देणारा गावात कुणी उरला नाही, आणि अप्पा कुलूप बदलू देणार नाहीत. (पेपरात आलंय.) तेव्हा पावसाळा लागताना सु.नं ती दि.च्या हातात द्यायची, पावसाळा सरताना दि.नं सु.च्या.
लिहिलं: "किल्लीची देवाणघेवाण वार्ताहरामार्फत होईल."
व्यवहाराच्या दृष्टीनं योग्यच आहे. तिऱ्हाईत माणूस मधे असला की वाद होत नाहीत.

२० डिसें.
सु.नं मसुदा वाचला. डब्यांची झाकणं लावता लावता, एका हातानं. चौथ्या कलमावर बोट थांबलं.
"मधे तुम्ही कशाला?"
म्हटलं, कायदेशीर पद्धत असते.
"देवाच्या करारात असतं असं? अणदूरचे आणि आपले, मधे तिसरं कुणी?"
नसतं. ते तिलाही माहीत आहे, मलाही.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "अहो, भाकरी थापायला चाललेय मी तिथं." आणि डबे घेऊन गेली.
उद्या सकाळी अप्पांच्या ओट्यावर पाच माणसांत मोठ्यानं वाचायचा आहे. वाचणार मीच. दि. समोर बसणार, ती त्याच्या बाजूला किंवा माझ्या, जागा होईल तशी.
आज ताटात शेंगाची चटणी होती. चांगली झाली होती. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "रोजच्यासारखीच आहे."
चौथं कलम अजून कागदावर आहे. शेजारी खोडरबर. मी ठेवलेला नाही.